अंगठ्याने जॅझ वाजवणारा माणूस: ऑस्कर आलेमानचा दोन सीडींचा सेट

गेल्या दिवाळीच्या आसपास गिटारच्या क्लासमध्ये सरांना जँगो राइनहार्टचा, म्हणजे पॅरिसच्या त्या प्रसिद्ध जॅझ गिटारवाल्याचा, एक तुकडा वाजवून दाखवला, तीन महिने रोज घासत होतो तो, आणि सरांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बसलाय रे छान. आता आलेमान ऐक." मला वाटलं कोणीतरी जर्मन असेल. स्पॅनिशमध्ये आलेमान म्हणजे खरंच जर्मन, पण हा माणूस अर्जेंटिनाचा निघाला. सर मूळचे मडगावचे, त्यांचे वडील मुंबईत हॉटेलच्या बँडमध्ये वाजवायचे, त्यामुळे जुन्या जॅझबद्दल ते असं एखादं नाव सहज टाकून जातात आणि मग आपण पुढचे सहा महिने त्याच्यामागे. माझंही तेच झालं.

तर हा रिव्ह्यू आहे 'स्विंग गिटार मास्टरपीसेस १९३८-१९५७' या दोन सीडींच्या सेटचा. डेव्हिड ग्रिसमन म्हणून अमेरिकेतला फार मोठा मँडोलिनवादक आहे, त्याची स्वतःची अकूस्टिक डिस्क नावाची कंपनी, तिने १९९८ साली हा काढला. नवीन कुठे मिळेना म्हणून परदेशातून सेकंडहँड मागवला, पोस्टेज धरून साडेतीन हजारांच्या आसपास गेले. पार्सल आलं तेव्हा वरची केस मधोमध तडकलेली, आणि दुसऱ्या डिस्कवर एक बारीक ओरखडा. विकणाऱ्याने थोडे पैसे परत केले, डिस्क सुदैवाने कुठेही अडकत नाही. घरातल्या एकाही लॅपटॉपला आता सीडी ड्राइव्ह नाही, म्हणून मामाकडून त्याचा जुना म्युझिक सिस्टिम उचलून आणला, आणि आता वाटतं बरं झालं, कारण हे हेडफोनवर एकट्याने ऐकण्यापेक्षा खोलीत मोठ्याने लावायचं संगीत आहे.

सगळ्यात आधी १९३८ च्या दोन ट्रॅकबद्दल सांगतो, 'नोबडीज स्वीटहार्ट' आणि 'व्हिस्परिंग'. डिसेंबर १९३८, कोपनहेगन, एकटा माणूस आणि एक गिटार. बाकी कोणी नाही, ना बेस ना व्हायोलिन ना ड्रम. मी पहिल्यांदा लावलं तेव्हा बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "दोघं वाजवतायत का रे?" मलाही तसंच वाटलेलं, म्हणून मी पुस्तिका उघडून परत बघितलं. एकटाच. खाली बेस चालू आहे, ठाम, पावलं टाकल्यासारखा, मध्ये कॉर्डचे तुकडे पडतायत, आणि वर चाल इतकी मोकळी फिरतेय की खालच्या बेसशी तिचा काही संबंध आहे असं वाटतच नाही. तीन मिनिटांच्या तबकडीत हे सगळं, तेही एका दमात, कारण तेव्हा चूक झाली तर कापायची जोडायची सोय नव्हती, पहिल्यापासून परत वाजवायचं.

हे कसं जमतं ते कळायला त्याचा उजवा हात समजून घ्यावा लागतो. जँगो पिक (तार छेडायचा छोटा चपटा तुकडा) धरून वाजवायचा, म्हणजे सगळा जोर एका टोकातून येतो, एका वेळी एक ओळ, आणि ती ओळ सुरीसारखी. आलेमान अंगठ्याला थंब पिक लावायचा आणि बाकीची बोटं मोकळी. म्हणजे अंगठा खालच्या तारांचा मालक आणि बोटं वरच्या तारांची, दोघांचं काम वेगळं. आपल्याकडे गिटार शिकणाऱ्या बहुतेकांनी एकतर पिक हातात घेतलेलं असतं किंवा क्लासिकलवाल्यांसारखी नुसती बोटं, हा मधला रस्ता फार कमी लोक धरतात. मी थंब पिक आणून लावून बघितलं, पहिले पंधरा दिवस अंगठा आणि बोटं एकमेकांचं ऐकायलाच तयार नव्हती, अंगठा ठेक्यात ठेवला की बोटं ताठ व्हायची आणि बोटं सैल सोडली की अंगठा धावायचा. त्यानंतर तोच ट्रॅक परत ऐकला तेव्हा कुठे कळलं की या माणसाने काय करून ठेवलंय.

गिटारही साधी नाही. नॅशनल कंपनीची ट्रायकोन, अख्खी बॉडी धातूची आणि आत अ‍ॅल्युमिनियमचे तीन पातळ कोन बसवलेले, तारेची थरथर ते कोन उचलतात आणि बाहेर फेकतात, स्पीकरसारखं. वीसच्या दशकात गिटारला अ‍ॅम्प्लिफायर नव्हता, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनच्या गर्दीत लाकडी गिटार ऐकूच यायची नाही, म्हणून कॅलिफोर्नियात ही गिटार निघाली. आपल्याकडच्या जुन्या पिढीला हा आवाज थोडा ओळखीचा वाटेल, कारण या गिटारी हवाईयन पद्धतीने मांडीवर आडव्या ठेवून पट्टी घासत वाजवायला फार वापरल्या गेल्या, आणि हवाईयन गिटारवर हिंदी सिनेमाची गाणी रेडिओवर ऐकत आपल्याकडे दोन पिढ्या वाढल्यात, सुनील गांगुलींच्या रेकॉर्डी तर किती घरांत होत्या. आलेमान मात्र यावर पट्टी घासत नाही, नेहमीसारखी फ्रेटवर बोटं दाबून वाजवतो, त्यामुळे नोट घसरत नाही, टणकन उठते आणि मागे धातूची एक किणकिण राहते. भांड्याच्या दुकानात नखाने पातेलं वाजवून बघतात ना, त्या किणकिणीच्या जवळचं काहीतरी.

गंमत म्हणजे सुरुवात त्याने हवाईयन गिटारच्या संगतीतच केली. १९०९ सालचा जन्म, अर्जेंटिनाच्या उत्तरेकडचा चाको प्रांत, आई तिथल्या तोबा या आदिवासी समाजाची, वडील उरुग्वेचे गिटारवाले. सगळं कुटुंब मिळून गाणं-नाचाचे कार्यक्रम करायचं, हा सहा वर्षांचा असल्यापासून त्यात. मग ब्राझीलला, सांतोसला गेले. आई गेली, मागोमाग वडिलांनी जीव दिला. पोरगा दहाअकरा वर्षांचा, रस्त्यावर. टॅक्सीची दारं उघडून पैसे जमवले आणि त्यातून काय घेतलं तर काव्हाकिन्यो, म्हणजे युकुलेलेसारखं चार तारांचं छोटं वाद्य. पुस्तिकेतलं हे पान वाचून मी बराच वेळ सीडी लावलीच नाही. रस्त्यावर झोपणारं मूल आणि हातात पैसे आल्यावर ते वाद्य विकत घेतं.

पुढे सांतोसमध्येच गास्ताओं बुएनो लोबो हा ब्राझिलियन गिटारवाला भेटला, दोघांची जोडी जमली, ब्युनोस आयर्सला येऊन विसाच्या दशकाच्या शेवटी व्हिक्टर कंपनीसाठी रेकॉर्डिंग केलं, लोबो हवाईयन गिटारवर आणि हा त्याच्या साथीला. मग १९२९ ला युरोप. आणि पॅरिसमध्ये जोसेफिन बेकरने त्याला आपल्या बँडमध्ये घेतलं. बेकर म्हणजे त्या काळातली पॅरिसची सगळ्यात मोठी स्टार, तिच्या मागे वाजवणं म्हणजे काय दर्जाचं काम ते वेगळं सांगायला नको. असं सांगतात की अमेरिकेतला मोठा जॅझ बँडवाला ड्यूक एलिंग्टन, त्याने त्याला आपल्याबरोबर अमेरिकेला न्यायची तयारी दाखवली होती आणि बेकरने सोडलं नाही, गाणारा, नाचणारा, वाजवणारा, तीन-चार भाषा बोलणारा असा दुसरा माणूस कुठून आणायचा म्हणून. तो खरंच नाचायचा पण. आणि मला वाटतं त्याच्या वाजवण्याची किल्ली तिथेच आहे. जँगो ऐकताना मान वळते, 'अरे हे काय केलं' असं होतं. आलेमान ऐकताना पाय हलतात. तो कितीही अवघड वाजवत असला तरी खाली नाचणाऱ्यांचा ठेका तो कधीच सोडत नाही.

जँगोशी तुलना आलीच आणि ती टाळताही येत नाही, दोघं एकाच वेळी एकाच शहरात होते, एकमेकांना ओळखायचे. १९३९ मध्ये लिओनर्ड फेदर या जॅझ समीक्षकाने तर स्विंगच्या, म्हणजे जॅझच्या त्या झुलत्या ठेक्याच्या, बाबतीत आलेमानला युरोपातल्या बाकी सगळ्या गिटारवाल्यांच्या वर ठेवलं होतं. तरीही आज जँगोचं नाव गिटार हातात घेणाऱ्या प्रत्येकाला माहीत आणि आलेमानचं सरांसारख्या मोजक्यांना. जँगो जास्त मोठा होता हे एक कारण असेलही, पण मला ते पुरेसं वाटत नाही. जँगोने पॅरिसमध्ये 'हॉट क्लब'च्या क्विंटेटबरोबर (पाच जणांचा बँड) रेकॉर्डींचा ढीग लावला. आलेमानची तिथली बरीच वर्षं बेकरच्या मागे स्टेजवर गेली, स्वतःच्या नावाच्या तबकड्या मोजक्या, आणि जे रेकॉर्ड झालं नाही ते हवेत गेलं. १९३९ चे पॅरिसचे त्रिकुटाचे ट्रॅक या सेटमध्ये आहेत, त्यातलं 'रशियन ललबाय' जरूर ऐका. सोबत दुसरी रिदम गिटार आणि बेस असल्यामुळे त्याचा अंगठा थोडा मोकळा झालाय आणि तो वरच्या तारांवर नुसता हुंदडतो.

एक छोटा धागा मुंबईचाही आहे, सरांनीच दाखवला. १९३८ ला पॅरिसमध्ये एडी ब्रुनरच्या ऑर्केस्ट्रात आलेमानच्या बरोबर ट्रम्पेटवर बिल कोलमन होता, आणि हा कोलमन त्याच्या दीड-दोन वर्षं आधी लिऑन अ‍ॅबी या अमेरिकन वादकाच्या बँडबरोबर मुंबईत वाजवून गेलेला. अ‍ॅबीचा बँड ताजमध्ये वाजवायचा आणि गोव्याचे आपले वादक अशाच बँडांना ऐकून ऐकून जॅझ शिकले. सर हे सांगताना दोनदा म्हणाले, "बघ, एकच माणूस मध्ये आहे."

मग जर्मन पॅरिसमध्ये शिरले आणि आलेमान सगळं सोडून ब्युनोस आयर्सला परतला. सेटचा मोठा भाग या परतल्यानंतरच्या काळाचा आहे, ओडिऑन कंपनीसाठी केलेला, आणि इथे तो वेगळाच माणूस वाटतो. व्हायोलिनसकट क्विंटेट, हातात आता धातूची नाही, लाकडी गिटार, तोंडाने मध्येच स्कॅट (शब्दांऐवजी नुसती अक्षरं गाणं), गाणं, आरोळ्या. अमेरिकन गाण्यांची नावं तबकडीवर स्पॅनिशमध्ये छापलेली, 'हनीसकल रोज'चं 'रोसा माद्रेसेल्वा'. 'स्वीट जॉर्जिया ब्राऊन' ऐका, गिटार आणि व्हायोलिन एकमेकांच्या हातातून वाक्य काढून घेतायत. 'बेसामे मुचो' सगळ्यांना माहीत आहे, लग्नाच्या रिसेप्शनला सुद्धा वाजतं आपल्याकडे, पण ते संथ आणि गळेपडू. आलेमानने ते स्विंगमध्ये टाकलंय, तिकडे ते फार लोकप्रिय झालं होतं आणि का ते पहिल्या अर्ध्या मिनिटात कळतं. 'तिको तिको' मात्र मला सगळ्यात आवडतं, कारण ते मुळात ब्राझीलचं शोरो (तिथल्या वाद्यसंगीताचा एक प्रकार), म्हणजे सांतोसच्या रस्त्यावर काव्हाकिन्यो घेऊन फिरताना त्याच्या कानावर पडलेली चीज, आणि तो ते वाजवतो तेव्हा त्याला विचार करावा लागत नाही हे ऐकू येतं.

आता तक्रारी. दुसऱ्या डिस्कचा शेवटचा भाग, पन्नासच्या दशकातला, मला तितका धरून ठेवत नाही. वाजवणं स्वच्छ आहे, पण चाली हलक्याफुलक्या, त्या काळच्या डान्स हॉलच्या, आणि सलग सातआठ ऐकले की एकात एक मिसळतात. एका बैठकीत दोन्ही डिस्क ऐकू नका. दुसरं म्हणजे सेट १९३८ ला सुरू होतो म्हणून लोबोबरोबरचं सुरुवातीचं काम यात नाही, आणि शेवटचा काळही नाही. साठच्या दशकात तो बाजूला पडला होता, घरी गिटार शिकवायचा. १९६८ ला एलिंग्टन ब्युनोस आयर्सला आला आणि त्याने आलेमानला भेटायचंय असं सांगितलं, तेव्हा लोकांना परत आठवण झाली म्हणतात. सत्तरच्या दशकात त्याच्या नवीन रेकॉर्डी आल्या, १९८० ला गेला. त्या म्हातारपणाचे चारपाच ट्रॅक तिसऱ्या डिस्कवर असते तर मी आणखी हजार रुपये आनंदाने दिले असते.

आवाज? मूळ तबकड्या ७८ आरपीएमच्या, खरखर आहे, पण इतकीही नाही. चांगलं म्हणजे खरखर घालवायच्या नादात आवाज घासून गुळगुळीत केलेला नाही. मी ऑनलाइन याच काळातले इतर काही कलेक्शन ऐकलेत, त्यांत पार्श्वभूमी एकदम शांत पण गिटार बादलीत वाजवल्यासारखी. इथे थंब पिक तारेवर पडल्याचा 'टक' ऐकू येतो, आणि शिकणाऱ्याला तोच हवा असतो. पुस्तिका चांगली आहे, फोटो बघण्यासारखे. तो चमकणारी ट्रायकोन घेऊन उभा आहे आणि हसतोय, जवळजवळ प्रत्येक फोटोत हसतोय.

कोणी घ्यावा? गिटार शिकत असाल तर नक्की, पिकवाले असाल तर आधी घ्या. जॅझ अजिबात ऐकत नसाल तरी 'तिको तिको' आणि 'बेसामे मुचो'पासून सुरुवात करा, तिथून मागे १९३८ ला जा, उलटं नको. पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो शेवटच्या भागासाठी, फुटलेल्या केससाठी नाही.

मी 'नोबडीज स्वीटहार्ट'चे पहिले आठ बार बसवतोय, निम्म्या स्पीडला. पहिली डिस्क सध्या सरांकडे आहे, दुसरी माझ्याकडे. रविवारी क्लासला बदलायच्यात.