जुनी डबल एलपी (दोन तबकड्यांचा अल्बम) घेतली: 'शिकागो ट्रान्झिट ऑथॉरिटी' (१९६९)

रॉकमध्ये ट्रंपेट म्हटलं की मला वरातच आठवायची. गिटार-ड्रमच्या मागे मधूनच एक पोंऽऽ, झालं काम! शिकागो या अमेरिकन रॉक बँडच्या या पहिल्याच अल्बमने तो समज पार मोडला.

मी कॉलेजच्या बँडमध्ये दोन वर्षं ट्रंपेट फुंकलाय, ओठ सुजेपर्यंत. त्यामुळे कान आधी तिकडेच जातो. इथे ली लॉकनेनचा ट्रंपेट, जेम्स पँकोचा ट्रॉम्बोन आणि वॉल्टर पॅराझेडरचा सॅक्सोफोन हे पाहुणे कलाकार नाहीत, बँडचे सदस्य आहेत. पहिली बाजू लावा. 'इंट्रोडक्शन'मध्ये तिघं एका दमात असे घुसतात की टेरी कॅथच्या गिटारलाही सरकून जागा द्यावी लागते. मग लय बदलते, सगळं शांत होतं आणि ट्रॉम्बोन एकटाच गायला लागतो. 'बिगिनिंग्ज' जवळजवळ ८ मिनिटांचं आहे. त्यातलं ट्रंपेट-ट्रॉम्बोनचं बोलणं म्हणजे सवाल-जवाबच. सुई तीनदा मागे नेली.

तिसऱ्या बाजूवरचं 'फ्री फॉर्म गिटार' मात्र मला झेपलं नाही. जवळपास ७ मिनिटं नुसता गिटारचा आक्रोश, ब्रास (ट्रंपेट-ट्रॉम्बोनसारखी पितळी फुंकवाद्यं) औषधालाही नाही. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "मिक्सर बिघडला का रे?"

दुकानदाराने "एकदम स्वच्छ" म्हणून दिलेल्या दुसऱ्या तबकडीवर चांगलीच खरखर निघाली. घेण्याआधी उजेडात तिरकी धरून बघा. मी पाच पैकी चार तारे देतो, कापलेला एक त्या खरखरीचा.