एचडीपीई गांडूळखत बेड (१२ × ४ × २ फूट): तिन्ही ऋतूंत वापरल्यानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगतो. हा बेड, म्हणजे एचडीपीई या प्लॅस्टिकच्या विणलेल्या कापडाचा, कडेच्या खिशांत बांबू घालून उभा करायचा गांडूळखताचा हौद, घेण्यासारखा आहे, पण जाड कापडाचाच घ्या. आणि बेडला जेवढे पैसे मोजाल तेवढेच सावलीवर घालायची तयारी असेल तरच घ्या. खत बेडमुळे चांगले होत नाही, ते सावली, ओल आणि भरलेल्या मालामुळे होते. बेडमुळे काम सोपे होते आणि गरज पडली तर सगळे उचलून दुसरीकडे नेता येते, एवढेच.

इथली निरीक्षणे सोलापूर भागातल्या कोरड्या हवेतली आहेत. दिवाळीनंतर बेड मांडला, मधला उन्हाळा काढला, आता पावसाळा सरत आलाय. शेजारी सिमेंटची जुनी टाकी चालू असल्यामुळे तुलना करता आली.

कापड आणि शिवण

कापडाची जाडी जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन. बाजारात साधारण २५० पासून ४५० पर्यंतचे बेड मिळतात. २५० चा बेड रिकामा असताना छान ताठ उभा राहतो. भरल्यावर आतला ओला माल टनाच्या पुढे जातो आणि लांब भिंतींना मधोमध पोट सुटते. मग बांबू बाहेर झुकतात, बांबूचे खिसे ताणले जातात आणि शिवणीवर भार येतो. ३५० च्या आतला बेड घेऊ नका. जाड बेडलासुद्धा मधल्या दोन जोड्यांच्या बांबूंना आडव्या तारा बांधा, म्हणजे भिंती समांतर राहतात. हे भरण्याआधीच करायचे. पोट सुटल्यावर तार ओढून काही उपयोग नाही.

कापड शक्यतो फाटत नाही, शिवण उसवते. ऊन लागते त्या बाजूच्या तळकोपऱ्यातला दोरा आधी पांढरट पडतो, नखाने खरवडला तर भुकटी निघते, आणि एक दिवस तिथून वीतभर शिवण सुटते. घेताना बेड उलटा करून तळाची शिवण पाहा. दुहेरी टाके हवेत आणि कापडाची कड दुमडून शिवलेली हवी. कडेचे धागे मोकळे लोंबत असतील तर तो बेड परत ठेवा. या वस्तूला भारतीय मानक आहे, आयएस १५९०७. दुकानात विचारून पाहा, निदान गिऱ्हाइकाला माहिती आहे हे तरी कळेल.

बांबूला वाळवी लागते. जमिनीत जाणाऱ्या दीड फुटाला डांबर किंवा जळके ऑइल लावा, पण ते वाळल्यावरच बांबू खिशात घाला. अर्धा इंची लोखंडी पाइप महाग पडतो, तरी एकदाच काय तो खर्च.

जागा

दगड-काड्या वेचून जमीन धुमसा, वर दोन इंच बारीक मुरूम किंवा वाळू पसरा आणि पाणी निघण्याच्या नळीकडे उतार द्या. १२ फुटांत तीन-चार इंच उतार पुरे. उतार विसरलात तर दुसऱ्या टोकाला तळाशी चिखल साचतो, तिथे हवा पोचत नाही, वास सुटतो आणि गांडुळे तो कोपरा सोडून जातात. सिमेंटच्या टाकीत हेच होते, पण तिथे भिंत थोडे पाणी शोषते. इथे कापडाला आतून लेप असल्याने सगळे पाणी नळीवाटेच जाते. नळीच्या तोंडावर आतून विटेचे तुकडे आणि नायलॉन जाळी ठेवा, नाहीतर महिन्याभरात ती गाळाने बुजते, आणि भरलेल्या बेडात ती मोकळी करणे म्हणजे सगळा बेड उपसणे.

भरणे

इथेच बहुतेकांचे बेड फसतात. ताजे शेण भरले की ते तापते, आत हात घालवत नाही इतके, आणि अमोनिया सुटतो. वर गांडुळे सोडली तर ती रात्रीतून भिंतीवर चढतात नाहीतर मरतात. शेण १५-२० दिवस सावलीत पसरून, पाणी मारून, एक-दोनदा उलटून मगच वापरायचे. सोयाबीनची गुळी, उसाचे पाचट, गव्हाचा भुसा हे सगळे शेणकाल्यात भिजवून त्याच ढिगात अर्धे कुजवून घ्या. वजनाने शेण ६० आणि काडीकचरा ४० हे प्रमाण बरे चालते. पाचट आखूड तोडलेले नसेल तर बाकीचे खत तयार होते आणि ते तसेच उरते.

थर असे. तळाला तीन-चार इंच तुराट्या, नारळाची सोडणे किंवा जाड पाचट. हा थर खाण्यासाठी नाही, पाणी झिरपण्यासाठी आहे. वर अर्धवट कुजलेला माल दीड फुटापर्यंत. वरचा अर्धा फूट मोकळा ठेवा. बारा-तेरा क्विंटल माल मावतो. सगळ्यात वर ओले गोणपाट.

लगेच गांडुळे सोडू नका. दोन दिवस पाणी मारा, मग संध्याकाळी वीस-पंचवीस गांडुळे एका कोपऱ्यात टाकून पाहा. सकाळपर्यंत खाली गेली असतील तर माल तयार आहे. वरच घुटमळत असतील तर अजून आठवडाभर थांबा.

गोमूत्राने भिजलेले शेण, कोंबडीखत, राख आणि चुना या बेडात नको. जनावरांना जंताचे औषध दिल्यावर दोन आठवड्यांचे शेण उकिरड्यावर जाऊ द्या. तणनाशक फवारलेल्या शेतातला कचराही नको. गाजरगवत फुलावर यायच्या आधी उपटलेले असेल तरच टाका: गांडूळखत तापत नाही, त्यामुळे तणाचे बी मरत नाही, आणि खताबरोबर तेच बी वावरभर जाते.

गांडुळे विकत घेताना

आयसेनिया फेटिडा ही जात सगळीकडे मिळते. बेडला दोन-तीन किलो लागतात. फसवणूक वजनात होते. ‘कल्चर’ म्हणून जे किलोवर विकतात त्यात निम्म्याहून जास्त शेणमाती असते. निव्वळ गांडुळांचे वजन करून मागा. एक किलोत पूर्ण वाढीची हजारावर गांडुळे भरतात. दोन किलोंत सुरुवात केली तरी चालते, फक्त पहिली खेप तीन महिन्यांपर्यंत लांबते. पुढच्या खेपा ४५ ते ६० दिवसांत निघतात, कारण तोवर त्यांची संख्या वाढलेली असते.

ओल, ऊन, पाऊस

ओल मोजायला उपकरण लागत नाही. चार इंच खालचा माल मुठीत घेऊन घट्ट दाबा. बोटांच्या फटीत एखाद-दुसरा थेंब दिसावा, पण टपकू नये. मूठ उघडल्यावर गोळा राहावा आणि बोट लावताच सुटावा. पाणी टपकले तर दोन दिवस पाणी बंद. गोळाच झाला नाही तर झारीने पाणी द्या. पाइपाचे तोंड सोडू नका, धारेने थर दबतात आणि मधली हवा जाते.

हिवाळ्यात दिवसाआड हलके पाणी पुरते. उन्हाळ्यात खरी परीक्षा. गांडुळांना २० ते ३० अंश मानवते. माल ३५ च्या वर गेला की ती खायचे सोडून तळाला जाऊन गोळा होतात. बाहेर ४२ असताना नुसत्या हिरव्या शेडनेटखाली भागत नाही. हवा कोरडी असेल तर वर शेडनेट, त्याच्याखाली पाचटाचा थर, पश्चिमेला गवताचा किंवा तुराट्यांचा तट्ट्या आणि दिवसातून दोनदा गोणपाटावर पाणी, एवढे केल्यावर आतला माल ३० च्या आसपास राहिला. कापडाची भिंत पातळ असल्याने ती टाकीच्या भिंतीपेक्षा लवकर तापते, बेडचा हा खरा तोटा. कडेचा चार इंच माल उन्हाळ्यात कच्चाच राहतो. खत काढताना तो वेगळा काढून पुढच्या खेपेत मध्यभागी टाकायचा.

पावसाळ्यात शेडनेट म्हणजे छप्पर नव्हे. वरून गळत राहते, बेड भरतो आणि संततधारेच्या रात्री गांडुळे बाहेर पडतात. उतरती ताडपत्री किंवा पत्रे हवेतच. ताडपत्री बेडवरच टाकली तर आत वाफ धरते, ती दोन-अडीच फूट उंच बांधा.

शत्रू

लाल मुंग्या सगळ्यात वाईट, आणि त्या कोरड्या बेडात येतात. ओल सांभाळली की निम्मा प्रश्न सुटतो. उरलेल्यासाठी बांबूंना खालून ग्रीसचा पट्टा आणि बेडभोवती पाण्याचा छोटा चर. कीटकनाशक पावडर बेडजवळ टाकू नका. उंदीर-घुशी कापड कुरतडतात, तेही खालून, म्हणून कळायला उशीर होतो. तळाखाली जुनी कोंबडीजाळी अंथरली तर ते थांबतात. कोंबड्या सुटल्या तर अर्ध्या तासात उकरून ठेवतात, त्यासाठी वर जाळी हवी. काही बेडना जाळी शिवलेलीच असते, पण तिची चेन आधी गंजते. वेलक्रो त्यापेक्षा बरा.

तांबडे बारीक कीडे वरच्या थरात दिसू लागले तर माल फार ओला किंवा आंबट झालाय असे समजा. पाणी थांबवा, वरचे दोन इंच हलवून मोकळे करा.

खत काढणे

वरचा थर चहापत्तीसारखा सुटा, काळपट आणि बिनवासाचा झाला की पाणी बंद करा. चार-पाच दिवसांनी बेडातच शंकूसारखे ढीग करा. गांडुळे उजेड आणि कोरडेपणा टाळत खाली जातात, वरचे खत हाताने काढा, पुन्हा एक दिवस थांबा, पुन्हा काढा. फावडे वापरू नका, गांडुळे कापली जातात आणि तळाचे कापडही. चाळणी तीन-चार मिलिमीटरची. चाळताना हुमणीसारख्या अळ्या दिसल्या तर वेचून कोंबड्यांना घाला. त्या उकिरड्यातल्या जुन्या शेणातून येतात. खत उन्हात वाळवू नका. सावलीत ठेवा आणि किंचित ओलसर असतानाच पोत्यात भरा.

बारा क्विंटल भरलेल्या बेडातून पाच-सहा क्विंटल खत निघते. कोणी टनाला टन सांगत असेल तर तो पाणी विकतोय.

या खतात आहे किती?

केंद्र सरकारच्या खत नियंत्रण आदेशात गांडूळखतासाठी नत्र किमान १ टक्का, स्फुरद आणि पालाश प्रत्येकी ०.८ टक्के, सेंद्रिय कर्ब १८ टक्के आणि ओलावा १५ ते २५ टक्के अशी मर्यादा आहे. नत्र सव्वा टक्का धरला तरी पाच क्विंटलमध्ये सव्वासहा किलोच. युरियाच्या ४५ किलोंच्या एका गोणीत साडेवीस किलोंच्या वर नत्र असते. म्हणजे वर्षाच्या चार-पाच खेपा मिळून दीड गोणीएवढे नत्र. एका बेडावर एकरभर उसाचा युरिया बंद करायचे गणित बसत नाही. हे खत रोपवाटिका, भाजीपाला, डाळिंब-लिंबाच्या आळ्यात द्या. जमिनीचा पोत आणि पाणी धरण्याची ताकद यासाठी ते मोलाचे आहे.

नळीतून येणाऱ्या तांबूस पाण्याला सगळे ‘व्हर्मिवॉश’ म्हणतात आणि बेड विकणारे त्याचे मोठे गुणगान करतात. कच्च्या मालातून झिरपलेले पाणी हे मुख्यतः शेणाचेच पाणी. पहिल्या महिन्यातले परत बेडवर ओता. नंतरचे दहापट पाण्यात मिसळून मुळाशी द्या. कोथिंबीर-मेथीसारख्या, आणि कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या कुठल्याही भाजीवर ते फवारू नका.

नैसर्गिक शेतीचे प्रचारक सुभाष पाळेकर यांचा गांडुळांच्या या जातीला विरोध प्रसिद्ध आहे. ते आयसेनिया फेटिडाला खरे गांडूळच मानत नाहीत आणि जड धातूंचा मुद्दा काढतात. यातले एक बरोबर आहे: ही जात पृष्ठभागावरचा कुजका माल खाणारी आहे, शेतात सोडली तर देशी गांडुळासारखी बिळे करून जमीन भुसभुशीत करणार नाही. जड धातूंचे म्हणाल तर ते येतात भरलेल्या मालातून. शहराचा कचरा आणि कारखान्याचा गाळ बेडात न घालणे हा त्यावर साधा उपाय. विकण्यासाठी खत करणाऱ्याने मात्र तपासणी करून घ्यावीच. शिसे, कॅडमियम, क्रोमियम, निकेल या चारही धातूंच्या मर्यादा त्या आदेशात आहेत.

खर्च

नुसता बेड जाडीप्रमाणे साधारण दीड ते साडेतीन हजारांत येतो, गांडुळे किलोला दोन-चारशे. बांबू, शेडनेट आणि ताडपत्री यांचा खर्च बेडच्या पुढे जातो. २०१४ च्या एकात्मिक फलोत्पादन अभियानाच्या सूचनांत ९६ घनफुटी एचडीपीई बेडला १६,००० रुपये खर्च धरून निम्मे अनुदान होते. निकष बदलत राहतात, म्हणून महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या योजनांच्या संकेतस्थळावर) अर्ज करण्याआधी सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) चालू आकडा विचारा. आणि पूर्वसंमती मिळायच्या आधी बेड खरेदी करू नका, आधीच्या तारखेचे बिल अडकते. बिलावर बेडचे माप आणि जीएसएम दोन्ही लिहून घ्या.

एक मोठे जनावर दिवसाला दहा किलोंच्या आसपास शेण देते. चरायला गेल्यावरचे, सारवणाचे आणि गोवऱ्यांचे वजा केले तरी दोन जनावरांवर एक बेड आरामात चालतो. शेण विकत आणून हा धंदा करायचा असेल तर आधी वाहतुकीचा हिशेब मांडा, बेडचा नंतर.