बोटीच्या गोड्या पाण्याच्या टाक्या : मकरपुऱ्यातील एका फॅब्रिकेशन शॉपचा अनुभव

शिडाच्या बोटीसाठी पाण्याच्या टाक्या बडोद्यात करून घेतल्या असे सांगितले की ऐकणारा आधी विचारतो, "इथे समुद्र कुठे आहे?" समुद्र लांब आहे हे खरेच, पण स्टेनलेस स्टीलचे काम अंगवळणी पडलेली माणसे इथे गल्लोगल्ली आहेत आणि मला नेमकी त्यांचीच गरज होती. माझे थोरले मेहुणे मुंबईला राहतात. १९८४ साली बांधलेल्या, तीस फुटी, फायबरग्लासच्या एका बोटीत आम्हा दोघांची निम्मी-निम्मी भागीदारी आहे. बोट अजून चांगली चालते, पण तिची मूळ पाण्याची टाकी पुढच्या बर्थखाली, म्हणजे झोपायच्या बाकाखाली, बोटीच्या अंगातच घडवलेली होती. तिचा आतला रेझिनचा थर पोपडे धरून सुटू लागला होता आणि पाण्याला असा वास येई की त्याचा चहासुद्धा कोणी पिईना. दोन मोसम आम्ही वीस लिटरचे जार चढवून-उतरवून काढले आणि मग गोड्या पाण्याची सगळी व्यवस्था नव्याने करायचे ठरवले.

पंप, नळ्या, तोट्या हे सगळे तयार मिळते. टाकी तशी मिळत नाही. बर्थखालची जागा बोटीच्या पोटाच्या उताराप्रमाणे खाली निमुळती होत जाते, त्यामुळे बाजारातली चौकोनी प्लॅस्टिकची टाकी तिथे ठेवली तर बरीच जागा फुकट जाते. म्हणून मापाप्रमाणे ३१६एल या गंजाला अधिक दाद न देणाऱ्या प्रतीच्या स्टेनलेसची टाकी करायची असा विचार झाला. कोयलीची रिफायनरी १९६५ साली सुरू झाली, पुढे नंदेसरीसारख्या वसाहतींत रसायनांचे कारखाने आले, आणि त्यांना लागणारी भांडी, टाक्या, पाइपिंग करून देणारी लहान-मोठी वर्कशॉप बडोद्यात वाढली. त्यांपैकी मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका शॉपला मी हे काम दिले. त्यांचे काम मला मनापासून आवडले, पण दोन तक्रारीही आहेत, आणि त्या लिहायच्या म्हणून शॉपचे नाव इथे देत नाही.

पहिल्या भेटीत मी प्लायवूडचा साचा आणि हाताने काढलेले ड्रॉइंग घेऊन गेलो होतो. एकच टाकी, १२० लिटरची. मालकांनी ड्रॉइंग पाहिले, साच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारले, "ही बोटीच्या दारातून आत जाईल का?" मी गप्प झालो. बर्थखालची जागा मी तीन वेळा मोजली होती, केबिनचे दार एकदाही मोजले नव्हते. मुंबईला फोन केला, मेहुण्यांनी टेप लावला आणि दाराची रुंदी ५६० मिलिमीटर निघाली. एवढ्या वाटेने पूर्ण साचा आत जाणे शक्यच नव्हते. रसायनाच्या कारखान्यात आधी शेड उभी राहते आणि मग टाकी आत न्यायची वेळ येते, हे ज्यांनी अनेकदा अनुभवले आहे त्यांनाच हा प्रश्न सुचतो. त्या एका प्रश्नाने आमचा आराखडा बदलला आणि डाव्या व उजव्या बर्थखाली साठ-साठ लिटरच्या दोन टाक्या ठरल्या. लांबी ६०० मिलिमीटर, उंची ३५०, वरची रुंदी ४००, तळाची १७०, पत्रा दोन मिलिमीटरचा. दोन टाक्यांमुळे आणखी एक सोय झाली. एका टाकीतले पाणी बिघडले तर दुसरीतले हाताशी राहते, आणि लांबच्या फेरीत ही मोठी निश्चिंती असते.

दुसरी दुरुस्तीही त्यांनीच सुचवली. बोट हेलकावे खाते तेव्हा अर्धी भरलेली टाकी आतून धडका देते, म्हणून मधोमध पडद्यासारखा एक उभा पत्रा, म्हणजे बॅफल, लागतो. त्याचे वरचे आणि खालचे कोपरे कापलेले असतात, म्हणजे हवा आणि पाणी दोन्ही इकडून तिकडे जाऊ शकतात. तो मी दाखवला होता, पण हात घालून साफ करायचे झाकण एकच दाखवले होते. बॅफल आले की टाकीचे दोन कप्पे होतात आणि पलीकडच्या कप्प्यात हात पोचत नाही, हे त्यांनी लगेच सांगितले. दोन झाकणे झाली. त्यांची सवय १०० मिलिमीटर व्यासाची होती, मी १५० चा आग्रह धरला आणि तो त्यांनी मानला. कोपरापर्यंत हात आत गेल्याशिवाय टाकी खऱ्या अर्थाने साफ होत नाही.

काम चालू असताना मी चार-पाच वेळा जाऊन पाहिले. स्टेनलेसचा कप्पा साध्या लोखंडाच्या कामापासून पडदी घालून वेगळा केलेला आहे, पत्रे लाकडी फळ्यांवर ठेवलेले असतात आणि ग्राइंडरच्या चकत्याही वेगळ्या आहेत. लोखंडाचे कण स्टेनलेसवर बसले तर पुढे नेमके तिथेच तांबूस डाग उठतात. त्यामुळे कोणत्याही शॉपमध्ये गेल्यावर दर विचारण्याआधी या फळ्या आणि चकत्या पाहाव्यात असे मी सांगेन. वेल्डिंग टिगचे, म्हणजे अर्गॉन वायूच्या आवरणाखाली केलेले. सांध्याच्या मागच्या बाजूनेही अर्गॉन सोडला जात होता, कारण तसे न केल्यास आतल्या बाजूला वेल्ड साखरेसारखा खरबरीत, काळा होतो आणि त्या खाचांत घाण व गंज दोन्ही घर करतात. काम करणारे मिस्त्री मराठी निघाले. बडोद्याच्या वाडी भागात राहतात. टाकी आडवी करून त्यांनी मला आतून टॉर्च मारून दाखवली. पिकलिंग पेस्ट, म्हणजे वेल्डचे डाग काढणारा आम्लाचा लेप, लावण्यापूर्वी सांध्याकडेने निळसर-पिवळा पट्टा होता, पेस्ट धुतल्यावर तो पूर्ण जाऊन एकसारखा राखाडी रंग आला होता. "काका, हा निळा पट्टा दिसायला छान वाटतो, पण ठेवायचा नाही. गंज तिथूनच धरतो," असे ते म्हणाले. बोटीसाठी हे फार महत्त्वाचे आहे. ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते म्हणून क्लोराइडपुढे, म्हणजे मिठाच्या खारेपणापुढे, ते ३०४ या नेहमीच्या स्टेनलेसपेक्षा अधिक टिकते, पण वेल्डचा काळवंडलेला पट्टा तसाच राहू दिला तर महाग पत्र्याचा तो फायदा सांध्यापाशी बराचसा वाया जातो.

दाबाच्या चाचणीच्या वेळी मात्र मला मध्ये पडावे लागले. त्यांची रोजची कामे दाबाखाली चालणाऱ्या भांड्यांची, त्यामुळे दोन किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबाने चाचणी करायची त्यांची तयारी होती. आमच्या टाकीची सगळ्यात मोठी उभी बाजू २१०० चौरस सेंटिमीटरची आहे. त्या दाबाला तिच्यावर ४२०० किलोचा भार आला असता आणि दोन मिलिमीटरचा सपाट पत्रा फुग्यासारखा बाहेर आला असता. बोटीतली टाकी वरून उघडी श्वास घेते. तिला सोसायचा असतो तो डेकवरच्या भरणीच्या नळीपर्यंत उभ्या पाण्याचा दाब. म्हणून दोन मीटर उंचीची पारदर्शक नळी शिडीला बांधली, पाणी भरले, पातळीवर मार्करने रेघ ओढली आणि रात्रभर तसेच ठेवले. सकाळी पाणी रेघेवरच होते. चाचणीसाठी त्यांनी कूपनलिकेचे पाणी वापरले नाही, कमी क्षाराचे पाणी आणले आणि नंतर टाक्या पूर्ण कोरड्या केल्या. हे मी सांगितले नव्हते.

आता तक्रारी. दोन टाक्या एकमेकींचे आरशातले प्रतिबिंब असायला हव्या होत्या. दुसऱ्या टाकीचा उतार त्यांनी बरोबर उलटा केला, पण भरणीचे, हवेचे आणि पाणी ओढण्याचे नोझल, म्हणजे नळ्या जोडायची तोंडे, पहिल्या टाकीच्याच जागी ठेवले, म्हणजे बोटीच्या भिंतीकडे, जिथे पाना तर सोडाच, बोटेही पोचली नसती. ड्रॉइंगवर ते स्पष्ट होते. त्यांनी चूक कबूल केली, जुनी भोके चकत्या बसवून बंद केली, नवे नोझल लावले, पुन्हा पिकलिंग आणि चाचणी केली, आणि पैसे घेतले नाहीत. पण सहा दिवस गेले. त्याआधीच काम रेंगाळले होते. बारा दिवसांचा वायदा होता, आणि मध्ये एका औषध कंपनीची मोठी ऑर्डर आल्यावर आमच्या टाक्या कोपऱ्यात गेल्या. सगळे मिळून एकतीस दिवस लागले. पावसाळ्यात वर काढलेली बोट ऑक्टोबरमध्ये पाण्यात घालायची होती, मेहुण्यांनी कारागीर ठरवून ठेवला होता आणि त्याला दोनदा परत पाठवावे लागले. उशीर होणार हे फोन करून कळवले असते तरी पुष्कळ झाले असते. ते कळवले गेले नाही, आणि याचे मला आजही वाईट वाटते.

दोन्ही टाक्यांचे मिळून ४१,००० रुपये झाले, जीएसटी वेगळा. प्रत्येक टाकी सुमारे १९ किलो भरली. सोबत पत्र्याचे प्रमाणपत्र, चाचणीचा कागद आणि फूड-ग्रेड सिलिकॉनची दोन जादा गॅस्केट दिली. काम पाहता ही किंमत मला रास्त वाटते.

बसवतानाचा अनुभव थोडक्यात देतो, कारण टाकीची खरी परीक्षा तिथेच झाली. जुनी बोट उघडल्यावर कळले की जुन्या टाकीची हवेची नळी बोटीच्या बाजूला भोक पाडून बाहेर काढलेली होती. वाऱ्यात बोट कलली की ते भोक पाण्याखाली जाई आणि समुद्राचे पाणी हळूहळू टाकीत उतरे. पाण्याला अधूनमधून येणाऱ्या खारट चवीचे कोडे त्या दिवशी सुटले. नव्या नळ्या आम्ही केबिनच्या आतच, डेकखाली शक्य तितक्या उंच नेऊन उलट्या वळवल्या. दोन्ही टाक्यांच्या नळ्यांवर स्वतंत्र व्हॉल्व्ह आहेत आणि एका वेळी एकच उघडायचा असा नियम आहे. दोन्ही उघडे राहिले तर कललेल्या बोटीत वरच्या टाकीचे पाणी खालच्या टाकीत जाते, ती ओसंडते आणि शिवाय भार नको त्या बाजूला वाढतो. टाक्या थेट लाकडावर न ठेवता निओप्रीनच्या पट्ट्या पक्क्या चिकटवून त्यांवर बसवल्या, म्हणजे खाली ओल अडकून राहत नाही.

पंप १२ व्होल्टचा, डायाफ्रामचा, म्हणजे लवचीक पडद्याने पाणी ढकलणारा आहे. तोटी उघडली की चालतो, बंद केली की दाब भरून थांबतो. त्याच्या आधी गाळणी लावलीच पाहिजे. पहिल्याच दिवशी आमच्या गाळणीत नळ्या कापतानाचे प्लॅस्टिकचे तुकडे सापडले. एक लिटरचे छोटे ॲक्युम्युलेटर, म्हणजे दाब साठवून ठेवणारे भांडे, लावल्यावर तोटी बारीक उघडली असतानाची पंपाची धडधड थांबली. सहा अँपिअर प्रवाह आणि जाऊन-येऊन आठ मीटर तार, म्हणून २.५ चौरस मिलिमीटरची कलई केलेली तार घेतली. नळ्या अपारदर्शक घेतल्या, कारण आत उजेड शिरला की शेवाळ धरते. जुना पायपंप मात्र आम्ही काढला नाही. बॅटरी उतरली तरी त्याने पाणी येते, आणि आमच्या नोंदीप्रमाणे दोघांच्या दोन दिवसांच्या फेरीत विजेच्या पंपाने ४६ लिटर लागले तर पायपंपाने २७.

वापरण्यापूर्वी प्रत्येक टाकीत पाच टक्क्यांचे सोडियम हायपोक्लोराइट लिटरमागे एक मिलिलिटर, म्हणजे साठ मिलिलिटर, घातले. तोट्यांतून वास येईपर्यंत पाणी सोडले, चार तास ठेवले आणि मग दोनदा धुऊन काढले. त्याहून जास्त वेळ ठेवू नये, तीव्र क्लोरीन स्टेनलेसलाही सोसत नाही.

मोसम संपल्यावर मे महिन्यात चारही झाकणे उघडली. कोपरापर्यंत हात घालून सगळे सांधे चाचपले, टॉर्चने पाहिले. सांधे स्वच्छ होते, बदलून लावलेल्या नोझलभोवतीही डाग नव्हता, तळाशी फक्त पाण्यातला पांढरट गाळ होता आणि तो फडक्याने निघाला. पाण्याला कसलाही वास नाही.

या शॉपकडे मी पुन्हा जाईन. जाताना साचा आणि ड्रॉइंग दोन्ही नेईन, प्रत्येक टाकीचे वेगळे ड्रॉइंग देईन, "डावी" आणि "उजवी" असे साच्यावरच ठळक लिहीन, आणि त्यांनी सांगितलेल्या तारखेत एक महिना धरूनच मुंबईच्या कारागिराशी बोलेन. त्यांच्याकडे काम जूनमध्ये द्यावे; ऑगस्टमध्ये दिलेले काम बोट पाण्यात घालायच्या आत हातात येईल याचा भरवसा धरू नये.