फॉस्फरस काढायला तुरटी की जिवाणू?

मैलापाणी शुद्ध करणाऱ्या प्लँटमध्ये नायट्रोजन जिवाणूंनीच काढायचा, हे धरून चालतो. अडतं ते फॉस्फरसपाशी. तुरटीचं द्रावण सोडायचं, की फॉस्फरस साठवणारे जिवाणू पोसायचे? मी दोन्ही चालवून पाहिलंय.

तुरटीचा गुण त्याच दिवशी दिसतो. डोस वाढवला की फॉस्फेट खाली. नवा ऑपरेटरही लगेच शिकतो. गाळ वाढतो, पण तेवढं मी सोसलं असतं.

मला नकोसं केलं ते चुन्याने. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट होताना (हेच नायट्रीकरण) सुमारे ७.१४ मिलिग्रॅम क्षारता, म्हणजे पाण्याची आम्ल पेलायची ताकद, खर्ची पडते. नायट्रेटचा वायू झाला तर त्यातली निम्मी परत मिळते. त्यात एक मिलिग्रॅम तुरटी आणखी अर्धा मिलिग्रॅम क्षारता खाते. आमचं पाणी धरणाचं, मुळातच मऊ. पीएच साडेसहाच्या खाली गेला की नायट्रीकरण मंदावायचं आणि अमोनिया वर चढायचा. म्हणून क्षारता भरून काढायला चुना. चुन्याची नळी तर रोज तुंबायची. सकाळी पहिलं काम पान्हा घेऊन ती खोलायची. फॉस्फरसपायी आपणच नायट्रोजनवाल्या जिवाणूंचे हाल करतोय, हे मनाला फार लागायचं.

ॲक्युम्युलिबॅक्टरसारखे फॉस्फरस साठवणारे जिवाणू क्षारता मागत नाहीत. हवा नसलेल्या टाकीत ते ॲसिटिकसारखी आम्लं साठवतात आणि फॉस्फेट सोडतात. हवेच्या टाकीत सोडल्यापेक्षा जास्त ओढून घेतात. साध्या गाळात कोरड्या वजनाच्या दीड-दोन टक्के फॉस्फरस असतो, यांच्या गाळात पाच-सात टक्क्यांपर्यंत जातो. तो गाळ काढला की फॉस्फरसही त्याबरोबर जातो.

सांभाळावं मात्र लागतं. परतीच्या गाळातून, म्हणजे शेवटी खाली बसलेला जो गाळ पुन्हा सुरुवातीला सोडतो त्यातून, नायट्रेट आलं की दुसरे जिवाणू ती आम्लं आधी फस्त करतात. सुरुवातीला आम्ही इथेच अडकलो. परतीच्या वाटेवर, नायट्रेट संपेपर्यंत गाळ थांबेल अशी बिनहवेची छोटी टाकी घातली, तेव्हा कुठे जमलं. उन्हाळ्यात ग्लायकोजेन साठवणारे जिवाणू बळावतात. तेही आम्लं खातात, फॉस्फरस मात्र उचलत नाहीत. आणि काढलेला गाळ हवेविना रात्रभर पडू देऊ नका, फॉस्फेट पाण्यात परत येतं.

प्लँट लहान असेल, रोज नमुने तपासायला माणूस नसेल, तर तुरटीच बरी म्हणेन. पण बिनहवेच्या टाकीला जागा असेल आणि पाणी आमच्यासारखं मऊ असेल, तर मला वाटतं जिवाणूंना एक हंगाम द्यावा. पावसाळ्यात मैलापाणी पातळ झालं की आम्हीही थोडी तुरटी सोडतो. चुन्याची नळी मात्र काढून टाकली.