एका नळीचा पंप की प्रत्येक पेट्रोलची वेगळी नळी?

भाच्याला टेक्सासमध्ये नोकरी लागली. जाण्याआधी तो फोंड्याला आमच्याकडे दोन दिवस राहून गेला. व्हिसा, घर, बँक हे सगळं त्याने आधीच माहीत करून घेतलं होतं. मला विचारलं ते एकच. "मामा, तिथे बाईक घेणार आहे. पण म्हणतात, एकाच नळीतून तिन्ही प्रकारचं पेट्रोल येतं. मग आपल्याला नक्की कुठलं मिळतं?"

ऑस्टिनमध्ये मी सहा वर्षं काढली, त्यातली चार तीनशे सीसीच्या एका बाईकवर. त्यामुळे हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा. त्या रात्री बलकांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत बसून त्याला जे सांगितलं, तेच इथे जरा नीट मांडतो. बाहेर जाणाऱ्यांना ते उपयोगी पडेल, आणि गोव्यातच राहून महागाचं पेट्रोल भरावं की नाही या विचारात असलेल्यांनाही.

अमेरिकेत साधारणपणे दोन तऱ्हेचे पंप दिसतात. पहिल्यात एका बाजूला एकच नळी. वर पिवळ्या चिठ्ठ्यांवर ८७, ८९, ९३ असे ऑक्टेनचे आकडे, आपण बटण दाबायचं आणि तीच नळी गाडीत घालायची. (ऑक्टेन म्हणजे इंजिनाच्या दाबाखाली आपोआप पेटायला पेट्रोल किती विरोध करतं त्याचं माप. आकडा मोठा, तितका विरोध जास्त.) मधलं ८९ तर बहुतेक ठिकाणी जमिनीखालच्या टाकीत वेगळं नसतंच. साधं आणि प्रीमियम यंत्रातच मिसळून ते तयार होतं. दुसऱ्या तऱ्हेत प्रत्येक प्रतीला स्वतःची नळी, आपल्याकडे असते तशी. असे पंप कमी आणि बरेचदा जुने. (हे आकडे आपल्या आकड्यांशी ताडून पाहू नका. तिथे ऑक्टेन मोजण्याच्या आरओएन आणि एमओएन या दोन पद्धतींची सरासरी लिहितात, आपल्याकडे फक्त आरओएन. त्यांचं ८७ म्हणजे आपलं ९१च्या आसपास.)

एका नळीची बाजू आधी सांगतो, कारण ती लंगडी नाही. नळ्या कमी म्हणजे गळती कमी, देखभाल कमी. चुकीची नळी उचलण्याचा प्रश्न नाही. असे पंप वाटेत सगळीकडे सापडतात, नवे असतात, कार्ड पटकन घेतात. चारचाकीत एका वेळी चाळीस-पंचेचाळीस लिटर भरणाऱ्याने पुढचं सगळं वाचलं नाही तरी चालेल. त्याने जवळचा पंप गाठावा.

बाईकवाल्याचं तसं नाही. नळीच्या टोकाला, नोझलमध्ये झडप असते. आपण भरणं थांबवलं की ती बंद होते आणि नळी पेट्रोलने भरलेलीच राहते. म्हणून तर पुढच्या गिऱ्हाईकाला माप बरोबर मिळतं: त्याच्या आधीही नळी भरलेली, नंतरही भरलेली. आपल्याकडे शेवटचे थेंब मिळावेत म्हणून पुष्कळ जण नळी उंच धरून हलवायला लावतात. त्यातून झडपेच्या पुढच्या तोंडात राहिलेले चार थेंब पडतात, नळीतलं पेट्रोल हलत नाही. मापात खोट नाही. प्रश्न आहे तो नळीत थांबलेलं ते पेट्रोल कोणाच्या पसंतीचं, हा. दूधवाल्याने म्हशीच्या दुधाचं माप न विसळता त्यातच गाईचं दूध मोजलं तर पहिल्या घरी काय जाईल, तेच इथे होतं.

किती राहतं? आतून पाऊण इंच व्यासाची साडेतीन मीटर लांब नळी धरली तर हिशेब जवळजवळ एक लिटर येतो. नळी बारीक असेल तर कमी, यंत्राच्या आतला सामायिक पाइप धरला तर थोडं जास्त. मी एक लिटर धरून चालतो.

आता माझी सवय सांगतो, कारण सगळा गुंता तिथूनच सुरू झाला. मी गोव्यात वाढलो. शंभराचं, दोनशेचं पेट्रोल घालायची सवय हाताला लागलेली. तिथेही आठवड्यातून तीनदा दोन-तीन लिटर घालायचो. बाईकच्या पुस्तकात ९१ किंवा त्याहून वरचं पेट्रोल वापरा असं लिहिलेलं, म्हणून दर वेळी ९३चं बटण. माझ्या आधी कोणीतरी ८७ भरून गेलेला असायचा, कारण बहुतेक लोक तेच भरतात.

तीन लिटर घेतले तर त्यात एक लिटर ८७ आणि दोन लिटर ९३. सरासरी ९१. पुस्तकाच्या अगदी काठावर. दोनच लिटर घेतले तर ९०. टाकीत आधीचं चांगलं पेट्रोल असेल तर एखाद्या वेळी हे जाणवणारही नाही. पण दर वेळी दोन लिटरच भरत राहिलं तर जुनं चांगलं पेट्रोल संपत जातं आणि काही आठवड्यांत सगळी टाकीच ९०वर येऊन ठेपते. पैसे मात्र प्रत्येक थेंबाला ९३चे गेलेले असतात. चारचाकीवाल्याचा पंचेचाळीस लिटरांत हाच एक लिटर मिसळला तर त्याचं ९३ हे ९२.९ होतं. त्याला काय फरक पडणार!

ऑस्टिनचा ऑगस्ट म्हणजे चाळीस अंशांच्या आसपास. शहराच्या पश्चिमेला टेकड्या आहेत, हिल कंट्री म्हणतात. तिथल्या चढावर, मागे कोणी बसलेलं असताना, वरच्या गिअरमध्ये थ्रॉटल दिला की इंजिनातून बारीक टकटक ऐकू यायची. डब्यात खडे हलवावेत तशी. ऑक्टेन कमी पडला की असा आवाज येऊ शकतो, पण आधी मी चेनवर संशय घेतला, मग व्हॉल्व्हवर. मेकॅनिकने दोन्ही तपासून ठीक आहे म्हणून सांगितलं. मग एका वहीत लिहायला लागलो: कुठल्या पंपावर, किती भरलं, चढावर आवाज आला की नाही. दोन महिन्यांत जे दिसलं ते असं. घरापासून पाच-सहा किलोमीटरवर एक जुना, वेगळ्या नळ्यांचा पंप होता. तिथे भरल्यानंतरच्या पानांवर टकटक फार कमी वेळा लिहिलेली सापडली. हा काही प्रयोगशाळेचा अहवाल नव्हे. ऊन, वारा, ओझं हे सगळं रोज बदलत होतं, आणि आपण जे शोधतो तेच कानाला ऐकू येतं, हेही मला मान्य आहे. तरी दुसऱ्या उन्हाळ्यात तोच चढ, तोच मित्र मागे, आणि आवाज नाही, हे मी विसरू शकत नाही.

पण खरं सांगायचं तर मला टकटकीपेक्षा दुसरीच गोष्ट खुपत होती. माझ्या टाकीत काय जाणार हे माझ्या पुढे उभा असलेला अनोळखी माणूस ठरवत होता. त्याने प्रीमियम भरलं तर माझं नशीब, साधं भरलं तर तेच माझ्या पदरात. आणि जितकं कमी भरावं तितकी त्याच्यावर भिस्त जास्त. मग मी पंपावर उभा राहून आधीच्या विक्रीचे आकडे वाचायला लागलो. पडद्यावर रक्कम आणि गॅलन तसेच असतात, भागाकार केला की कुठली प्रत गेली ते कळतं. पाच मिनिटांच्या कामासाठी असा हिशेब करत उभं राहायचं, याचा मला मनापासून कंटाळा आला. माझा कौल वेगळ्या नळीकडे गेला तो इथे.

ही माझ्या एकट्याच्या मनाची शंका नव्हती, हे नंतर कळलं. तिथे १५ टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं तेव्हा ते २००१ आणि नंतरच्या मोटारींना मान्य झालं, मोटारसायकलींना नाही. १० आणि १५ टक्क्यांचं पेट्रोल एकाच नळीतून आलं तर बाईकमध्ये आधीचं उरलेलं जाईल, म्हणून २०१२मध्ये तिथली सरकारी पर्यावरण संस्था ईपीएकडून तोडगा निघाला: अशा नळीतून किमान चार गॅलन, म्हणजे सुमारे पंधरा लिटर घ्यायचे. कित्येक बाईकच्या टाकीत तेवढं मावतच नाही! बाईकवाल्यांच्या संघटनेने हरकत घेतली, आणि पुढे कमी इथेनॉलच्या पेट्रोलला वेगळी नळी ठेवण्याचाही पर्याय आला. नळीतल्या त्या एक लिटराची दखल सरकारलाही घ्यावी लागली, एवढंच मला त्यातून सांगायचं आहे.

वेगळ्या नळीतही उणं आहेच. प्रीमियमची नळी दिवसभर उन्हात न वापरता लोंबकळत असते, तिच्यातला पहिला लिटर शिळा म्हणता येईल. पंप लांब पडतो. माझ्या जुन्या पंपावर कार्ड कधी चालायचं, कधी आत जाऊन पैसे द्यावे लागायचे. मला हे सगळं सोसण्यासारखं वाटलं. तुम्हाला वाटेलच असं नाही.

लांब जाणं जमणार नसेल तर एका नळीवरही मार्ग आहे. घरात चारचाकी असेल आणि तिलाही तेच पेट्रोल चालत असेल तर आधी ती भरा, मागोमाग त्याच नळीतून बाईक. नाहीतर थोडंथोडं भरण्याची आपली गोव्याची सवय सोडा आणि टाकी संपत आल्यावर एकदम पूर्ण भरा. दहा लिटरांत एक लिटर ८७ गेलं तरी ९२.४ राहतं, पुस्तकाच्या आकड्याच्या बरंच वर.

परत आल्यावर फोंड्याच्या पंपावर पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा या नळ्यांकडे मी नव्याने पाहिलं. पिवळ्या मडगार्डचा पायलट, म्हणजे आमचा मोटारसायकल टॅक्सीवाला, शंभराचं घालून निघतो, मागून कॉलेजची मुलगी स्कूटरला शंभराचंच घालते. शंभराचं म्हणजे लिटरभर. आपल्याकडे साधं आणि प्रीमियम एका नळीतून आलं असतं तर यातल्या प्रत्येकाला आधीच्या माणसाचंच पेट्रोल मिळालं असतं, स्वतःचं एक थेंबही नाही. इथे प्रीमियमला स्वतःचं नोझल असतं, ही या तुलनेत गोव्याची मोठी जमेची बाजू. तुम्ही अर्धा लिटर घ्या, जे मागितलं तेच येतं. फक्त पंपावरचा मुलगा कुठलं नोझल उचलतोय ते झिरोबरोबर बघून घ्यायचं. मला न विचारता एकदा महागाचं घातलं गेलंय, तेव्हापासून मी आधी बोलतो, मग झाकण उघडतो.

मग गोव्यात प्रीमियम भरावं का? इथे माझं मत थोडं बदललं आहे. आता साध्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलचा ऑक्टेन सुमारे १०८.५, त्यामुळे मिश्रणाचा आकडा वर जातो. या पेट्रोलचा आरओएन ९५पर्यंत पोचल्याचं पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५मध्ये सांगितलं. तुमच्या पुस्तकात ९१ किंवा ९५ लिहिलं असेल तर निव्वळ ऑक्टेनसाठी जादा पैसे मोजण्याचं कारण मला दिसत नाही. जुन्या बाईकला इथेनॉल सोसेल का, हा वेगळा प्रश्न.

आपल्याकडे ऑक्टेनला धोका नळीचा नाही, पाण्याचा आहे. इथेनॉल पाणी ओढून घेतं. ते प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल पाण्यासकट तळाला बसतं, आणि वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन घसरतो. जूनमध्ये पाऊस धरला की मी ज्याचं आवार उंचावर आहे आणि जिथे गर्दी असते असाच पंप निवडतो. तिथे टाकीतलं पेट्रोल पडून राहत नाही. डिप रॉडला, म्हणजे टाकीत सोडायच्या मोजदांड्याला, पाणी लागताच रंग बदलणारी पेस्ट लावून टाकीत पाणी आहे का ते पंपवाले तपासतात, तुम्ही विचारलं तर सांगतात. बाईक पावसाळाभर उभी ठेवणार असाल तर तिच्या झाकणाचं रबर आधी बघा.

भाच्याने परवा फोन केला. बाईक घेतली, अकरा लिटरची टाकी. माझा तो जुना पंप अजून आहे, पण त्याच्या घरापासून चौदा किलोमीटर. "रोज नाही जमणार, मामा," म्हणाला. "शनिवारी जाऊन टाकी फुल करतो." मी म्हटलं, वही मात्र ठेव.