गोल्फ कार्टच्या मागच्या क्लचसाठी बटणांचा संच: घरी बसवून पाहिल्यानंतर

अटलांटाच्या दक्षिणेला असलेल्या पीचट्री सिटीत गोल्फ कार्टकडे कोणी खेळाची गाडी म्हणून पाहत नाही. शहरात सुमारे १०० मैलांचे कार्टमार्ग आहेत, वाणसामान आणण्यापासून मुलांना शाळेत सोडण्यापर्यंतची ये-जा त्यांवरूनच होते, आणि त्यामुळे कार्ट अडखळू लागली की पुण्यात घरातली स्कूटर बंद पडल्यावर होते तशीच पंचाईत होते. आमची कार्ट पेट्रोलवर चालणारी आणि बरीच जुनी आहे. गेल्या हिवाळ्यापासून ती निघताना जोराचा हिसका देत होती आणि तळ्याजवळच्या चढावर इंजिनाचा दम कोंडत होता. एका वर्कशॉपने दोन्ही क्लच बदलावे लागतील असे सांगून मजुरीसह सहाशे डॉलरच्या वरचा आकडा दिला. तो मान्य करण्यापूर्वी मागच्या क्लचच्या बटणांचा २८ डॉलरचा संच मागवून पाहिला, त्याविषयी हे लिहीत आहे.

ज्यांनी कायनेटिक होंडा चालवली आहे, त्यांना ही रचना नवीन नाही. इंजिनाच्या दांड्यावर एक पुली, चाकांच्या बाजूच्या गिअरपेटीवर दुसरी आणि दोघींमध्ये रबरी बेल्ट असतो; यांतली पहिली पुली म्हणजे पुढचा क्लच आणि दुसरी म्हणजे मागचा. वेग वाढला की पुढच्या पुलीतली वजने बाहेर फेकली जाऊन तिच्या थाळ्या जवळ येतात व बेल्ट वर चढतो; त्याच वेळी मागच्या पुलीच्या थाळ्या फाकतात आणि तिथे तो खाली उतरतो. चढ लागला की मागच्या पुलीची सरकती थाळी तिरक्या उतारांवरून फिरत परत जवळ येते आणि गाडी आपोआप खालच्या गिअरवर येते. या तीन उतारांवर घासत राहणारी बोटाच्या पेराएवढी प्लॅस्टिकची बटणे, एवढेच या संचातले मुख्य सामान आहे. ती झिजली की थाळी अडकते, बेल्ट वर यायचा तो खालीच राहतो, आणि गाडी जणू वरच्या गिअरमध्ये चढ चढू पाहते. आमच्याकडे नेमके हेच होत होते, हे जुनी बटणे हातात आल्यावर कळले: दोन निम्मी उरली होती, तिसरे तर एका कडेला कागदाएवढे पातळ झाले होते.

बसवण्याचे काम दुपारभराचे आहे. बॅटरीची ऋण वायर काढून, चाकांना लाकडी ठोकळे लावून, बेल्ट मागच्या पुलीवरून फिरवत उतरवला की मधला बोल्ट सोडवून पुली दांड्यावरून ओढून काढता येते. पुली दांड्यावर घसरू नये म्हणून खाचेत बसवलेली लोखंडी चावी तेवढी हरवू द्यायची नाही. खरा प्रश्न आत दाबून बसवलेल्या स्प्रिंगचा असतो. तिला अडवून धरणारी कडी, म्हणजे सर्क्लिप, निघताच वरचा भाग फिरत उसळतो, म्हणून एकाने तो दोन्ही तळव्यांनी दाबून धरावा आणि दुसऱ्याने सर्क्लिप पकडीने काढावी, तीही डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावूनच. स्प्रिंगचे टोक कोणत्या भोकात होते यावर मी आधी पांढऱ्या रंगाची खूण केली नसती, तर जोडताना अडकलो असतो, कारण सोबतच्या पत्रकात याविषयी एक अक्षरही नाही. चित्रही दुसऱ्याच पुलीचे आहे. विक्रेत्याने एवढी हयगय करणे योग्य नाही.

बटणांचा दर्जा मात्र चांगला आहे. त्यांच्या कडांना साच्याची बारीक धार राहिली होती, ती ४०० नंबरच्या पॉलिश पेपरवर चार वेळा घासल्यावर गेली. त्यानंतर ती खाचेत टक्कन बसली आणि अजिबात हलत नव्हती. सर्क्लिप नवी दिली आहे, हे बरे. स्प्रिंग दिलेली नाही, आणि जुन्या गाडीला ती अनेकदा लागते; माझी ठीक होती म्हणून वेगळा खर्च टळला. उतारांना ग्रीस लावण्याचा मोह होतो, तो आवरावा. ग्रीसवर बेल्टची काळी धूळ चिकटून राहते आणि थोडेसे बेल्टवर उडाले तरी तो घसरू लागतो. मी उतार साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडे करून तसेच जोडले.

आता तीन महिने झाले. हिसका गेला आहे, आणि तळ्याचा चढ चौघे बसलेले असतानाही गाडी एका दमात चढते. मागच्या थाळ्यांवर नख अडकेल इतका चर पडला असेल तर मात्र या संचावर पैसे घालवू नयेत, तिथे पुलीच बदलावी लागते. आमच्या पुढच्या क्लचमधली वजने थंडीत अजून खडखडतात. त्यांचा संच वेगळा मिळतो, पण तो क्लच दांड्यावरून काढायला खास ओढबोल्ट लागतो आणि तो मी अजून घेतलेला नाही.