शंभर वॅटचा एलईडी ड्रायव्हर: पॉवर फॅक्टर खरा, पण लेथवर लावू नका

भोसरीत माझं छोटं वर्कशॉप आहे आणि वीजबिल केव्हीएएचवर येतं, म्हणजे नुसत्या वॅटवर नाही, व्होल्ट गुणिले अँपिअरवर. पॉवर फॅक्टर (वॅट भागिले व्होल्ट-अँपिअर) घसरला की युनिटं फुगतात. जुन्या फ्लडलाइटचे ड्रायव्हर (एलईडीला लागेल तसा करंट पुरवणारे डबे) ०.५८ दाखवायचे, म्हणून पुण्यात विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीतून 'पीएफ ०.९५' छापलेले सहा आणले, ६५० रुपयांना एक. दुकानदार म्हणाला, "काका, मीटर लावून बघा. खोटं निघालं तर परत घेतो."

लावला मीटर. २३१ व्होल्ट, ०.४९ अँपिअर, १०९ वॅट, पॉवर फॅक्टर ०.९६. आधी तेवढ्याच उजेडाला ०.८ अँपिअर जायचे. एलईडीला ९७ वॅट पोचतात, म्हणजे कार्यक्षमता ८९ टक्के. इथवर पैकीच्या पैकी.

चौथ्या दिवशी लेथवरचा पोरगा म्हणाला, "मालक, चक थांबल्यासारखा दिसतोय." चक म्हणजे लेथवर जॉब धरून फिरवणारी पकड. लेथ दोन हजार आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला दोन हजार फेऱ्यांनी फिरत होता! सेकंदाला ३३ फेरे, चकाला तीन जॉ (जबडे), झाले शंभर. दिवाही सेकंदाला शंभरदा मंद होत होता, त्यामुळे दर उजेडाला पुढचा जॉ बरोबर आधीच्याच्या जागी. त्या पोराने हात घातला असता तर? (ट्यूबलाइटच्या काळात आम्ही दिवे तीन फेजवर वाटून लावायचो ते याचसाठी, सगळे एकदम मंद होऊ नयेत म्हणून. विसरलो होतो.)

एक ड्रायव्हर उघडला. आत एकच टप्पा. ब्रिजनंतरचा (एसीचं डीसी करणाऱ्या भागानंतरचा) मोठा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, काढूनच टाकलाय, म्हणून करंट व्होल्टेजच्या लाटेबरोबर जातो आणि पॉवर फॅक्टर सुधारतो. पण लाट शून्यावर येते तेव्हा एलईडीला पुरवायचं कोणी? तो भार ३६ व्होल्टच्या बाजूच्या दोन कपॅसिटरांवर, आणि एवढ्या कमी व्होल्टेजला त्यांत फारशी ऊर्जा मावत नाही. दोन टप्प्यांच्या ड्रायव्हरमध्ये आधी बूस्ट करून (व्होल्टेज चढवून) ४०० व्होल्टला साठवतात, तिथे छोटा कपॅसिटरही पुरतो.

लेथवर आता तसे दोन लावलेत, १,४५० ला एक. पॉवर फॅक्टर ०.९७, आणि चक फिरताना फिरतानाच दिसतो. स्वस्तातले चार अंगणात आणि रॅकवर मजेत जळताहेत, तिथे काहीच फिरत नाही.

उरलेले दोन परत द्यायला गेलो नाही. काय सांगून देणार? डब्यावर छापलेलं एक अक्षर खोटं नव्हतं.